सुवेनीचे चौतीस आर

सुवेनीने लग्नाला नकार दिला असं आमच्या मुंदुक अंपेल गावात कुणी सांगत असेल, तर ते धादांत खोटं. तिने तीनदा होकार दिला होता. फक्त तिन्ही वेळा एकच अट घातली, आणि ती ऐकून तिन्ही नवरदेव मोटारसायकलला किक मारून उतारावरून दिसेनासे झाले. पहिला बेटाच्या पूर्वेकडचा, हॉटेलातला आचारी. तो म्हणाला, "आमच्या भागात ही शिवी समजतात." दुसरा सरकारी नोकर. त्याने शहाणपण शिकवलं की जमीन विकून शहरात घर घेऊ, तिथे कोण विचारतंय! तिसरा बिचारा तयार होता, पण त्याच्या आईने अंथरूण धरलं.

अट अशी, की लग्न होऊन ती जाणार नाही, तो येणार. आणि नुसता घरजावई म्हणून नव्हे. सासऱ्याच्या ओसरीवर फुकटचा भात खाणारे घरजावई जगात पुष्कळ आहेत. आमच्या तबानान भागात जो असा येतो तो आपल्या घरच्या देवांचा निरोप घेऊन येतो, आणि त्या दिवसापासून गावाच्या लेखी नवरा ती आणि बायको तो. पोरं तिच्या घराण्याची, जमीन तिच्या हातात. आता पुरुषाच्या जातीला हे जड जाणारच. पण सुवेनीचाही इलाज नव्हता. तिचा बाप रेगोग, त्याला ही एकच मुलगी. ती दुसऱ्याच्या घरी गेली असती तर रेगोगचं घर, अंगणातलं पूर्वजांचं देऊळ आणि पाटाखालची चौतीस आर भाताची जमीन, सगळं चुलतभाऊ दर्सानाकडे गेलं असतं. रीत तशी आहे, आणि ती काही एकट्या दर्सानाने केलेली नाही.

दर्साना माणूस वाईट नव्हता. गोडबोल्या होता, हे मात्र खरं. वरच्या अंगाचा त्याचा वाटा त्याने कधीच फुंकून टाकला होता, आणि तिथे आता पोहण्याच्या निळ्या तळ्याचा बंगला उभा होता. बंगल्यात बारा महिन्यांतले दोन महिने कुणीतरी राही. जागेचा धंदा त्याला तिथूनच कळला. बंगला विकला जातो तो खालच्या हिरव्या भाताकडे बघून, म्हणून खालचं भात सोन्याचं. मग ते सोनं विकत घ्यायचं आणि त्यावर दुसरा बंगला बांधायचा. मग पहिल्या बंगल्याला काय दिसणार, हे विचारलं की दर्साना हसे.

"तुला नाही समजायचं," तो सुवेनीला म्हणे. "अगं, वर्षाला दोन पिकं घेऊन काय हाती लागतं? एक सही कर, जन्मभर बसून खा."

"बसून काय खाऊ, ब्ली? तुझ्या बंगल्याच्या फरशा?"

ब्ली म्हणजे थोरला भाऊ, आणि वयाने मोठ्या कुठल्याही पुरुषाला आमच्यात तशीच हाक मारतात. ती त्याला कधी नुसत्या नावाने हाक मारत नसे, आणि कधी त्याचं ऐकतही नसे.

आई गेली तेव्हा सुवेनी बावीस वर्षांची होती. शहरात एका कापडदुकानात गल्ल्यावर बसायची, ते सोडून घरी आली. पुढे रेगोगला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर यायचा, आणि पुष्कळदा अर्ध्यातूनच परत खाली जायचा. लोक दोन मिनिटं थांबत आणि मग स्वतःच त्याचं वाक्य पुरं करून टाकत. सुवेनी थांबायची. ती त्याच्यासमोर बसून शेंगा सोलायची आणि शब्द येईपर्यंत सोलत राहायची.

सुबाकच्या बैठकीला घरातला पुरुष जातो. एका पाटाचं पाणी पिणाऱ्यांची ती पंचायत. पाणी कुणाला किती बोटं, लावणी कधी, पाट साफ करायला कुणी यायचं, सगळं तिथे ठरतं. पहिल्यांदा ती गेली तेव्हा ओट्यावर चाळीस पुरुष सिगारेटी ओढत बसले होते.

"पोरी, नैवेद्य ठेव आणि जा," एक म्हातारा म्हणाला. "बायका तिकडे आहेत."

"नैवेद्य ठेवला. आता पाण्याचं बोला. माझ्या बांधाला परवापासून थेंब नाही."

"बापाला पाठव."

"बापाला उठता येत नाही. तो उठेपर्यंत भात थांबणार असेल तर जाते मी."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि तिला बसायला जागा झाली. पाणी का नव्हतं तेही उघड झालं. बंगल्याच्या कुंपणाखालून जाणारा पाट बांधकामवाल्यांनी बुजवला होता आणि त्याच्या जागी एक नळी घातली होती. नळी कशी स्वच्छ असते, हे दर्साना समजावून सांगत होता. सुवेनीने सगळ्यांना कुंपणापाशी नेलं आणि हक्काच्या पाण्याची चार बोटं जोडून नळीच्या तोंडावर धरली. तीनच बोटं मावली. खाली तिच्या एकटीचं शेत नव्हतं, तेवीस जणांचं होतं. दुसऱ्या दिवशी तेवीस कुदळी आल्या आणि पाट उघडा झाला. तेव्हापासून बैठकीत ती का बसते, हे कुणी विचारलं नाही. पण कागदावर नाव रेगोगचंच. मुलगी म्हणजे आज आहे, उद्या नाही, असं सुबाकचा प्रमुख म्हणे, आणि रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं.

अशी ती चौतीस वर्षांची झाली. गावातले टवाळ म्हणत, एका आराला एक वर्ष लागतंय. तिला ते ऐकू येई. रडू यायचं तेव्हा ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन रडायची आणि तोंड धुऊन परत कामाला लागायची. बाई दगडाची नव्हती. लेकरंबाळं असावीत असं तिला फार वाटे. पण बापाला आणि त्या देवळाला सोडून मिळणारं सुख तिला नको होतं. यात तिने स्वतःला कधी थोर मानलं नाही. हट्टी मात्र मानलं.

चौथं स्थळ चिखलातून आलं. केतुत विर्गा डोंगरापलीकडचा, पॉवर टिलर भाड्याने चालवणारा. आमच्यात नावावरूनच कळतं, केतुत म्हणजे चौथं मूल. तीन भावांनी जमीन वाटून घेतल्यावर याच्या वाट्याला तो फटफटणारा टिलर आणि आईची माया आली होती. सलग तीन हंगाम त्याने सुवेनीचं शेत नांगरलं. तिसऱ्या हंगामात तो दोन दिवसांचं काम चार दिवस करतोय हे बांधावरच्या बगळ्यांनाही कळलं होतं. चौथ्या दिवशी ती कॉफी घेऊन बांधावर आली.

"ब्ली केतुत, येशील का?"

"कुठे?"

"घरी. कायमचा."

त्याने इंजिन बंद केलं. गुडघाभर चिखलात उभा राहून त्याने कपाळ पुसलं, त्यामुळे कपाळालाही चिखल लागला.

"टिलरसकट?"

"टिलरसकट."

"मग भाऊ चिडवतील. म्हणतील, आमच्या बहिणीला स्थळ आलं."

"चिडवतील ना. तू काय म्हणशील?"

त्याने थोडा विचार केला. "म्हणेन, हुंड्यात टिलर दिलाय, नीट बोला."

आमच्याकडे अशा लग्नात मुलीकडचे मुलाला मागणी घालायला जातात. सुवेनी पाच माणसं आणि फळांची टोपली घेऊन डोंगरापलीकडे गेली. केतुतच्या आईने टोपली ठेवून घेतली, मुलाकडे पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाली, "लेकरू भोळं आहे माझं. त्याला तिखट सोसत नाही. सांभाळून घ्या." तिन्ही भावांना हसू आवरेना. पण आईचं म्हणणं खरंच होतं, आणि सुवेनीने ते मनावर घेतलं. केतुत येण्याआधीच तिने घरातली मिरची कमी केली.

दर्सानाने तोंडावर आनंद दाखवला. मांडवाचे बांबूही त्यानेच आणले. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी घात झाला. कुणा वैऱ्याने केला असता तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. तो सवयीने केला.

मुलगी सासरी निघते तेव्हा घरच्या देवळासमोर बसते आणि पूर्वजांना सांगते, निघते मी, यापुढे माझे हात दुसऱ्या घरच्या देवांपुढे जुळतील. एकदा बोललं की संपलं, मुलगी त्या घरची राहिली नाही. त्या दिवशी हा निरोप केतुतने घ्यायचा होता, त्याच्या घरी. सुवेनीने नुसतं पूर्वजांना कळवायचं होतं, की नवरा आणायला जाते. दोन्हींचे नैवेद्य वेगळे, मंत्र वेगळे. पण नैवेद्य मांडायला होती ऐंशीची दादोंग रेनेम. या आजीने गावातल्या तीनशे तरी मुली वाटेला लावल्या असतील. नवरी सजलेली दिसली, आणि दादोंगच्या हातांनी तिला न विचारता निरोपाची परडी मांडली. मंकू, म्हणजे आमचा पुजारी, परडी बघून मंत्र म्हणतो. चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्याने निरोपाची परडी पाहिली आणि निरोपाचा मंत्र म्हटला.

आणि सुवेनी? तेवीस कुदळी गोळा करणारी सुवेनी? तिने लहानपणापासून सगळ्या बहिणी, सगळ्या शेजारणी अशाच बसलेल्या पाहिल्या होत्या. डोक्यावर सोनेरी फुलांचा भार, पोटात आदल्या दुपारपासून काही नाही, समोर उदबत्तीचा धूर. मंकू म्हणाला, "सांग त्यांना." आणि तिच्या तोंडून शब्द गेले.

"निघते मी."

अंगणात कुणाच्या लक्षातही आलं नाही. डुकराचं मांस बारीक चिरणाऱ्यांचे सुरे चालूच होते. लक्षात आलं ते दर्सानाच्या.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" तो म्हणाला. आवाज हळू होता, पण सुरे थांबले. "मी काही म्हणत नाही. ती स्वतःच म्हणाली."

दादोंगने परडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मंकूचा चेहरा राखेसारखा झाला. सुवेनी तशीच बसून राहिली. एका शब्दाने बारा वर्षं वाहून गेली होती आणि तो शब्द तिचाच होता. दुसऱ्या कुणाचा असता तर तिने त्याला सोडलं नसतं. आता स्वतःलाच काय करणार? डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं.

बेंदेसाला बोलावणं गेलं. गावच्या रीतीभाती सांभाळणारा हा माणूस पूर्वी शाळेत गणित शिकवायचा, आणि अजूनही सगळ्यांशी फळ्यासमोर उभा असल्यासारखाच बोलायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"निरोप म्हणजे निरोप," तो म्हणाला. "चुकून दिला म्हणून परत घेता येत नाही. तसं असतं तर अर्ध्या सासुरवाशिणी पहिल्याच आठवड्यात चुकून गेलो होतो म्हणून परत आल्या असत्या."

"मग आता केतुतच्या घरी जाऊ दे तिला," दर्साना म्हणाला. "लग्न तर होतंच आहे. साधंसरळ. काकांना मी बघतो. माझे काकाच आहेत ते."

हे तो मनापासून म्हणाला असेलही. त्याने रेगोगला भात भरवला असता. फक्त भरवताना समोर भाताचं शेत राहिलं नसतं, एवढाच फरक.

तेवढ्यात सुवेनीचा फोन वाजला. पलीकडे केतुत. "काय झालं? आंघोळ करून, फुलं माळून बसलोय. भाऊ म्हणतात, नवरी रुसली वाटतं."

तिने काय झालं ते सांगितलं. त्या क्षणी तो म्हणाला असता, की मग तूच ये, तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. उलट भावांच्या चिडवण्यातून सुटला असता.

"मी माझ्या देवांना अजून काही बोललो नाहीये," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं. बोलू का थांबू?"

"थांब. वेळ लागेल. पण आणायला मीच येणार."

तिने फोन ठेवला, डोक्यावरचा भार उतरवून मांडीवर घेतला आणि पदराने काजळ पुसलं.

"बेंदेसा, मी आता या घरची नाही?"

"नाही."

"आणि दुसऱ्या घरची झाले?"

"तिथल्या देवांनी अजून घेतलेलं नाही. नाही."

"म्हणजे कुणाचीच नाही. मग कुणाचीच नसलेली पोर बापाला दत्तक घेता येते का?"

अंगणात कुजबुज झाली. बेंदेसाने चष्मा काढून पुसला. गणित त्याला आवडलं होतं, हे दिसत होतं. "येते. बाहेरच्या रक्ताचं मूल असेल तर भाऊबंदांची संमती लागते. आपल्याच रक्ताचं असेल तर कुणाला विचारावं लागत नाही."

सगळ्यांचं तोंड दर्सानाकडे वळलं.

"ब्ली दर्साना," सुवेनी म्हणाली, "मी कुणाच्या रक्ताची?"

आता इकडे आड, तिकडे विहीर. आपल्या रक्ताची म्हणावं तर संमतीचा प्रश्नच मिटला. बाहेरची म्हणावं तर मेलेल्या काकूच्या नावाला भर अंगणात काळं. दर्सानाने घसा खाकरला. त्याची आई मागच्या चुलीपाशी उभी होती. ती तिथूनच ओरडली, "बोल ना रे! हिच्या बारशाला तू हिचा पाळणा हलवलास. बोल, कुणाची ती?"

"रक्त घरचंच आहे," दर्साना म्हणाला, "पण..."

"पण नको. एवढंच पुरे," बेंदेसा म्हणाला.

दादोंग रेनेम तोवर डोळे पुसत पानं दुमडायला बसलीही होती. दत्तकाचा नैवेद्य वेगळा, त्याला पांढरा दोरा आणि भोकांची जुनी नाणी लागतात. कुणीतरी हळूच म्हणालं, आजी, यावेळी नीट बघा. ती फणकारली, "हा मी जन्मात चारदा केलाय. हात याच्या सवयीचे नाहीत, म्हणून हा चुकायचा नाही."

तासाभराने रेगोगला खुर्चीसकट देवळासमोर आणलं. चौतीस वर्षांची सुवेनी त्याच्या पायाशी तान्ह्या पोराच्या जागी बसली. बायकांना हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि दोन्ही लपवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. विधीत एक प्रश्न असतो. तो मंकूने विचारायचा आणि घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं. दुसऱ्याने बोललेलं चालत नाही. उत्तरात कुणाचं पोर, कुठल्या गावचं, ते सांगायचं, मग दोरा बांधायचा.

"रेगोग," मंकूने विचारलं, "हे लेकरू कुठून आणलंस?"

रेगोगचे ओठ हलले. काही आलं नाही. त्याचा चांगला हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. मागून एकाने सवयीने त्याचं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, तर सुवेनीने वळून असं पाहिलं की त्याने ते मिटलं. ती बापासमोर बसून राहिली, शेंगा सोलताना बसायची तशीच. नुसती सवड देत. उदबत्तीची राख वाकून गळून पडली. दर्सानाही आता मान पुढे काढून ऐकत होता.

"कु... ठून," रेगोग म्हणाला. मग पुन्हा, रागावल्यासारखं, "कुठून?"

आणि मग विहिरीच्या तळातून एकदमच सगळं वर आलं.

"गेलीच... नव्हती... ही."

मंकूचा दोरा धरलेला हात तसाच राहिला. अंगणात कुणी हसलं, कुणी हुंदका दिला. दर्सानाच्या आईने पदर तोंडात कोंबला.

"हे उत्तर विधीत बसत नाही," मंकू हळूच बेंदेसाला म्हणाला. "गेलीच नव्हती, तर मी आत कुणाला घेऊ? दोरा कशाला बांधू?"

आयुष्यात पहिल्यांदा बेंदेसाला गणित सुटत नव्हतं, किंवा कदाचित सुटलं होतं. त्याने सुवेनीकडे पाहिलं.

सुवेनीने बापाचा लुळा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि थोडा वेळ तिथेच धरून ठेवला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता आणि ती तो लपवत नव्हती. मग तिने मनगट पुढे केलं.

"बाप म्हणतो ते खरं," ती मंकूला म्हणाली. "पण दोरा बांधा. घट्ट बांधा. उद्या कुणाला फट सापडायला नको."

मंकूने दोरा बांधला. सुवेनी उठली, सोनेरी फुलं परत डोक्यावर चढवली, गालावरचं काजळ राहिलं ते राहिलं, आणि नवरा आणायला निघाली.